सांधा आणि दाब

दोन लाकडे जवळ आणणे आणि ती परस्परांशी जुळणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? प्रश्न सुताराच्या बाकावरचा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो, तर ते बाकापाशी थांबत नाही. म्हणून येथे आम्ही क्लॅम्प या साध्या अवजाराचा विचार करणार आहोत, आणि त्याच्या निमित्ताने, बळाचा वापर कोठपर्यंत न्याय्य ठरतो, हेही पाहणार आहोत.

आपल्या घरातील एखाद्या तसबिरीची चौकट जवळून निरखावी. चारही कोपऱ्यांत आतून बाहेर तिरपी जाणारी एक बारीक रेषा दिसते. दोन पट्ट्यांची टोके 45 अंशांत कापून ती तेथे एकमेकींना भिडवलेली असतात. या सांध्यास मायटर म्हणतात. बिशपांच्या मस्तकावरील उंच टोपीसही इंग्रजीत हाच शब्द आहे. दारा-खिडक्यांभोवतीच्या नक्षीपट्ट्याही याच सांध्याने कोपरा वळतात. लाकडाचे कापलेले टोक कोठेच दिसू नये आणि नक्षी अखंड पुढे जावी, हे या सांध्याचे सौंदर्य. परंतु त्याची दुर्बलताही तेथेच आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. ती तिरपी कापली की नळ्यांची तोंडे उघडी पडतात आणि लावलेला सरस शोषून घेतात. म्हणून जाणता कारागीर प्रथम पातळ सरसाचा एक हात देतो, तो थोडा मुरू देतो आणि मगच दुसरा हात देऊन टोके जुळवतो.

चौकटीला कोपरे चार, पण काप आठ. प्रत्येक काप केवळ पाव अंशाने एकाच बाजूला चुकला, तर आठ कापांची मिळून चूक दोन अंशांची होते. पहिले तीन कोपरे नीट बंद केले, तर ती सारी चूक चौथ्या कोपऱ्यात येऊन उभी राहते. कोपऱ्याकोपऱ्यांत ती वाटली गेली तरी ती नाहीशी होत नाही. 75 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत अर्ध्या अंशाचा फरक सांध्याच्या एका टोकाशी सुमारे एक मिलिमीटरची फट पाडतो. डोळ्याला ती लगेच खुपते.

नेमक्या याच क्षणी कारागिरापुढे मोह उभा राहतो. हाताशी मजबूत क्लॅम्प आहे. त्याची मूठ आणखी दोन फेरे आवळली की फट मिटते. लाकूड किंचित वाकते, तंतू दबतात, जास्तीचा सरस ओघळून बाहेर येतो आणि कोपरा निर्दोष दिसू लागतो. वरून पॉलिशचा हात फिरला की कोणाला काय कळणार? परंतु वाकलेल्या लाकडाला आपला मूळ आकार विसरता येत नाही. क्लॅम्प काढल्यावर ते तेथे परतू पाहते आणि सरसाचा पातळ थर रात्रंदिवस त्याच्याशी झगडत राहतो. चूक दुरुस्त झालेली नसते. ती केवळ आत कोंडली गेलेली असते. पुढे केव्हातरी कोपरा उघडतो आणि तोवर चौकट गिऱ्हाइकाच्या भिंतीवर असते.

यावर कोणी म्हणेल, की तंतोतंत काप या जगात असतोच कोठे? थोडीफार तडजोड प्रत्येक कामात करावीच लागते. आक्षेप खरा आहे. रंगाखाली जाणाऱ्या पट्टीच्या केसाएवढ्या फटीत पुट्टी भरणे ही फसवणूक नव्हे; काम देणारा आणि घेणारा दोघेही ती रीत जाणतात. तर मग मर्यादा कोठे आखावी? कारागिरांची एक जुनी रीत येथे मार्ग दाखवते. सरस लावण्यापूर्वी ते चारही पट्ट्या कोरड्याच जुळवून पाहतात. केवळ बोटांच्या दाबाने सांधा मिटला, तर पुढे जावे. न मिटला, तर रंध्याचा एक पातळ पापुद्रा काढून काप सुधारावा. आमच्या मते नीतीचा निकषही हाच आहे. जे हाताच्या दाबाने जुळते, तेच क्लॅम्पने धरून ठेवावे. क्लॅम्पचे काम धरण्याचे आहे, जुळवण्याचे नव्हे.

हे एकदा मान्य केले, की कोणता क्लॅम्प निवडावा या प्रश्नाकडेही आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. सर्वांत बळकट कोणता, हे मग गौण ठरते. चौकटीभोवती गुंडाळून आवळण्याचा पट्टा चारही कोपऱ्यांना एकाच वेळी सारखा दाब देतो. कोणत्याही एका कोपऱ्यावर साऱ्यांची चूक लादत नाही. मात्र चौकट काटकोनात आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजून, ते सारखे भरतात का, हे आपणच पाहावे लागते. कोपऱ्याचा क्लॅम्प दोन पट्ट्यांना काटकोनात स्थिर धरतो. पण सांध्यावर सरळ दाब मात्र फारसा देत नाही. स्प्रिंगचा चिमटा झटपट बसतो आणि जोरकस धरतो. परंतु त्याची अणकुचीदार टोके लाकडात दोन टोचे मागे ठेवतात. लांब दांड्याचा क्लॅम्प एका बाजूने रेटला, तर ओल्या सरसावर तिरपी टोके एकमेकांवरून घसरतात. त्यासाठी पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला 45 अंशांचे लाकडी ठोकळे तात्पुरते बसवावे लागतात, म्हणजे दाब सांध्याच्या रेषेला काटकोनात मिळतो. ही खटपट मोठी आहे. पण तीतून एक गोष्ट स्पष्ट होते. दाब किती, यापेक्षा तो कोणत्या दिशेने दिला, याला अधिक महत्त्व आहे. चुकीच्या दिशेचे बळ जितके मोठे, तितका सांधा अधिक सरकतो.

भिंतीच्या कोपऱ्यात पट्टी बसवताना आणखी एक सत्य सामोरे येते. भिंतींचा कोपरा पुस्तकातल्याप्रमाणे 90 अंशांचाच असेल, याची खात्री नसते. तो 92 अंशांचा निघाला, तर त्याचे दोन समान भाग करावे लागतात. दोन्ही पट्ट्यांना 46 अंशांचे टोक द्यावे लागते. तेथे 45 अंशांचा हट्ट धरून पट्ट्या रेटून बसवणारा भिंतीला दोष देतो; शहाणा माणूस आधी भिंत मोजतो.

आणि इतके सारे करूनही सांधा अढळ राहतो असे नाही. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. पण रुंदीत ते हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते आणि आक्रसते. पावसाळ्यात रुंद पट्टी फुगली की मायटर सांधा बाहेरच्या टोकाशी उघडू पाहतो. कोरड्या हवेत ती आक्रसली की आतल्या टोकाशी. ज्या सांध्यात आधीच जबरदस्तीचा ताण भरलेला आहे, त्याला ऋतूंचा हा ताण सोसत नाही. जो मुळात जुळलेला आहे, त्याच्यापाशी सोसण्याची काही शिल्लक असते.

हा विचार लाकडापुरताच ठेवणे आम्हांस कठीण जाते. दोन भावांत वाटणीवरून तंटा होतो. वडीलधारी मंडळी जमतात, भिडेने किंवा धाकाने दोघांचे हात एकमेकांच्या हातांत देतात, आणि समेट झाला म्हणून सारे समाधानाने घरी जातात. फट मिटलेली दिसते. परंतु कोणाच्या मनात कोणता कोन चुकला होता, हे कोणी मोजलेलेच नसते. मध्यस्थ नको, दाब नको, असे आम्ही म्हणत नाही. सरस ओला असताना सांध्याला आधार लागतोच. तो नसेल तर चांगले कापसुद्धा सुटे होतात. नवा संसार, नुकताच मिटलेला तंटा, वाढत्या वयाचे मूल, या सर्वांना काही काळ कोणीतरी धरून ठेवावे लागते. पण धरण्यापूर्वी जुळवणे झालेले असावे. त्यासाठी दोन्ही बाजूंचे थोडे थोडे तासावे लागते, आणि हे काम क्लॅम्पचे नव्हे, रंध्याचे आहे. ते सावकाश चालते आणि त्याचा भुसा आपल्याच अंगावर उडतो.

नेहमीच्या पांढऱ्या सरसाला क्लॅम्पचा आधार साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि पूर्ण बळ यायला सुमारे 24 तास. त्यानंतर क्लॅम्प काढून भिंतीवर टांगून ठेवावयाचा असतो. तो काढल्यावरही सांधा मिटलेलाच राहिला, तर काम खरे झाले. जो आधार कधीच काढता येत नाही, तो काढण्याची ज्याला भीती वाटते, त्याने आपला काप पुन्हा एकदा तपासून पाहावा.