शाळेची भाषा कोणासाठी निवडायची?

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातील सोने-चांदी गाळणारी गलाई कुटुंबे देशभर पसरली आहेत. समजा, अशा घरातला चौदा वर्षांचा मुलगा विट्याच्या मराठी शाळेतून इथे लखनौला आला. माध्यम हिंदी की इंग्रजी? घटनेचे कलम ३५०-अ मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगते, पण प्राथमिक शाळेपुरतीच. हिंदीची लिपी त्याची ओळखीची. इंग्रजीत तो कदाचित वर्षभर गप्प बसेल, आणि दहावी तोंडावर. पुढे इंग्रजी लागते हेही खोटे नाही, माझी कॉमर्सची पुस्तके इंग्रजीच आहेत. पण आपण इंग्रजी निवडतो ती मुलाच्या हितासाठी, की गावी सांगायला बरे वाटते म्हणून? संत नामदेव उत्तरेत तिथल्या भाषेत गायले; गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांची मराठी त्यामुळे सुटली नाही. प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलालाच विचारावे, ‘बाळा, वर्गात शंका विचारायला तुला कोणत्या भाषेत धीर होईल?’