कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचा हक्क

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, ज्याने माणसाला माणसांमध्ये राहण्यासाठी निर्माण केले, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी ईमानची कसोटी मशिदीच्या सफेत जितकी सांगितली, तितकीच शेजाऱ्याच्या दारातही सांगितली.

दिव्य कुरआनच्या सूरह अन-निसामधील ३६ व्या आयतीत एका अल्लाहच्या उपासनेची आज्ञा आहे. तिला जोडूनच आईवडील, आप्त, अनाथ आणि गरजू यांच्याशी सद्‌वर्तन करण्याची आज्ञा येते. त्याच क्रमात शेजाऱ्यांचा उल्लेख दोन वेळा आहे. एक आपल्या जवळचा शेजारी आणि दुसरा परका शेजारी. अनेक भाष्यकारांनी परक्या शेजाऱ्यात मुस्लिमेतर शेजाऱ्याचाही समावेश केला आहे. ज्याच्याशी आपले रक्ताचे नाते नाही, धर्माचे नाही, भाषेचेही नाही, त्याचाही आपल्यावर हक्क आहे. केवळ भिंत सामाईक असल्यामुळे निर्माण झालेला हा हक्क आहे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या कोकणातील एका भगिनीचा प्रश्न. तिची ओळख पटेल असा तपशील वगळून तो येथे मांडत आहोत. त्यांच्या घरालगत एक वृद्ध इंग्रज बाई एकटी राहते. तिचा कुत्रा हाच तिचा घरातला सोबती. दोन घरांमधील लाकडी कुंपणाची एक फळी कित्येक आठवड्यांपासून तुटलेली होती आणि ती दुरुस्त करण्याविषयी बाईंना दोनदा सांगून झाले होते. एके दिवशी त्या फटीतून कुत्र्याने या भगिनीच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताचा चावा घेतला. बाईंनी येऊन माफी मागितली. पण मुलगा कुत्र्याला काठीने डिवचत होता, असेही सांगितले. मुलाचे वडील संतापले. म्हातारी खोटे बोलते, असे ते म्हणाले. परिचितांपैकी काहींनी पोलिसांत तक्रार करून भरपाईचा दावा लावण्याचा सल्ला दिला. इतरांनी बजावले की आपण परक्या देशात आहोत, तोंड मिटून राहावे. त्या रात्री मुलाने आईला हळूच सांगितले की काठी त्याने खरोखरच घातली होती. भगिनींचा प्रश्न असा की, हे सत्य आता बोलावे काय? बोलल्यास मुलाचा हक्क बुडेल आणि न बोलल्यास अल्लाहपुढे काय उत्तर द्यावे?

प्रश्न वरवर कुत्र्याचा दिसतो. वस्तुतः तो साक्षीचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवातही तेथूनच केली पाहिजे.

सूरह अन-निसाच्याच १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याची आणि अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध अथवा आप्तांविरुद्ध का जाईना. सूरह अल-माइदाच्या ८ व्या आयतीत आणखी एक बंधन घातले आहे: एखाद्या समूहाविषयीचा राग तुम्हाला अन्यायाकडे ओढून नेऊ नये. या दोन आयती एकत्र वाचल्या तर सुटका उरत नाही. पहिली आपल्या मुलाच्या प्रेमापासून न्यायाला वाचवते. दुसरी परक्याच्या रागापासून. तेव्हा भगिनींनी सत्य सांगितलेच पाहिजे. प्रथम पतीला सांगावे, कारण ते निरपराध स्त्रीला खोटारडी ठरवत आहेत आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नाही. त्यानंतर शेजारणीला सांगावे आणि तक्रार नोंदवायची झाल्यास तीतही ते लिहावे. तक्रार करणे हा हक्क आहे. अर्धे सत्य झाकून केलेली तक्रार हा जुलूम आहे, आणि जुलूम झालेला माणूस कोणत्या धर्माचा आहे हे अल्लाहच्या दरबारात विचारले जात नाही.

मुलाचाही विचार करा. त्याने धैर्य गोळा करून आईला खरे सांगितले. आता घरातील मोठी माणसे ते सत्य दाबून ठेवत आहेत असे त्याने पाहिले, तर हातावरची जखम महिन्याभरात भरेल, पण त्याने घेतलेला धडा आयुष्यभर टिकेल. त्याला शिक्षेची भीती घालू नये. खरे बोलल्याबद्दल त्याला जवळ घ्यावे आणि मुक्या प्राण्याला छळणे पाप आहे, हेही समजावून सांगावे.

आता मुलाच्या हक्काकडे वळू. जनावराने केलेल्या नुकसानीचा निवाडा हा विषय कुरआनला नवा नाही. सूरह अल-अंबियाच्या ७८ व ७९ व्या आयतींत ह. दाऊद (अ.) आणि ह. सुलैमान (अ.) यांच्यापुढे आलेला एक खटला उल्लेखिला आहे. काही लोकांच्या शेळ्यामेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि त्यांनी पीक फस्त केले. भाष्यकारांनी निवाड्याचा तपशील दिला आहे. ह. दाऊद (अ.) यांनी नुकसानीपोटी मेंढ्या शेतमालकाला देण्याचा निर्णय दिला. ह. सुलैमान (अ.) यांनी वेगळा मार्ग सुचवला. मेंढ्यांच्या मालकाने शेत पूर्ववत करून द्यावे. तोवर शेतमालकाने मेंढ्यांचे दूध व लोकर यांचा लाभ घ्यावा. शेत पूर्वस्थितीला आले की ज्याचे त्याला परत मिळावे. अल्लाहने फर्मावले आहे की या प्रकरणाची समज त्याने सुलैमान (अ.) यांना दिली, आणि ज्ञान व निर्णयशक्ती मात्र दोघांनाही दिली होती.

पहिला निवाडा अन्यायाचा नव्हता. नुकसानीइतकी भरपाई त्यात होती. दुसऱ्यातही शेतकऱ्याचे एका दाण्याचेही नुकसान राहिले नाही. पण मेंढपाळही उघड्यावर पडला नाही. नुकसान पूर्ण भरून निघाले आणि दोन्ही घरे उभी राहिली. शेजाऱ्यांच्या प्रत्येक तंट्यात मुस्लिमाने शोधायचा निवाडा हाच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातही असाच प्रसंग घडला. ह. बरा बिन आजिब (र.) यांची उंटीण एका बागेत शिरून नासधूस करून गेली, तेव्हा प्रेषितांनी जबाबदारी वाटून दिली: दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी आणि रात्री जनावराने केलेल्या नुकसानीला जनावराचा मालक जबाबदार. दुसऱ्या एका हदीसनुसार मुक्या जनावराने केलेल्या इजेबद्दल भरपाई नाही. परंतु मालकाची हयगय असेल तेथे तो जबाबदार ठरतो, असे फकीहांनी स्पष्ट केले आहे. या प्रकरणात हयगय दोन्ही बाजूंनी आहे. दोनदा सांगूनही फळी बसवली नाही, ही शेजारणीची; काठी घातली, ही मुलाची. मुलाने चूक केली म्हणून शेजारणीची हयगय पुसली जात नाही. म्हणजे सत्य सांगितल्याने मुलाचा हक्क बुडत नाही. तो खऱ्या मापाचा होतो, एवढेच. इंग्लंडचा १९७१ चा प्राणीविषयक कायदाही जवळपास याच दिशेने जातो. नुकसान सर्वस्वी जखमी व्यक्तीच्याच दोषाने झाले असेल तर मालकाची जबाबदारी उरत नाही आणि दोष अंशतः असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते.

येथे एका नाजूक मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. क्षमेचे महत्त्व आपण नेहमी ऐकतो. सूरह अश-शूराच्या ४० व्या आयतीत वाईटाची परतफेड तितक्याच प्रमाणात करण्याची मुभा देऊन, क्षमा करून समेट घडवणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे असल्याचे सांगितले आहे. पण क्षमा आपल्या हक्काची करता येते. जखम मुलाची आहे. पालक हा अज्ञान मुलाच्या हक्काचा राखणदार असतो, मालक नव्हे. तो हक्क मोफत सोडून देण्याची मोकळीक फकीह सर्वसाधारणपणे त्याला देत नाहीत. इंग्लंडमध्येही मुलाच्या दाव्याची तडजोड न्यायालयाच्या मान्यतेने पक्की होते आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत मूल अठरा वर्षांचे झाल्यावर सुरू होते. तेव्हा आईवडिलांनी आपला राग, आपला अपमान जरूर माफ करावा. मुलाच्या उपचाराचा खर्च झाला असेल किंवा हातात कायमचे व्यंग राहणार असेल, तर त्याची भरपाई मागणे हे निर्दयपणाचे लक्षण नाही. पाळीव प्राण्यांच्या अनेक विम्यांमध्ये अशा भरपाईची तरतूद असते. त्यामुळे ती वृद्धेच्या तुटपुंज्या पैशातूनच जाईल असेही नाही.

आता कुत्र्याविषयी. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकचे अनुयायी आहेत आणि या मसलकमध्ये कुत्र्याच्या अपवित्रतेचा नियम कडक आहे. त्याच्या स्पर्शाने ओले झालेले भांडे सात वेळा, त्यापैकी एकदा मातीने धुण्याची शिकवण घराघरांत दिली जाते. परंतु तहारतचा नियम वेगळा आणि द्वेष वेगळा. ज्या प्रेषितांनी (स.) भांडे धुण्यास सांगितले, त्यांनीच तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची क्षमा झाल्याची वार्ता दिली. गुहेतील तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही कुरआनच्या सूरह अल-कहफमध्ये उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला आहे. आपल्याला कुत्रा घरात नको असतो, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याचा जीव स्वस्त होत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ पासून मालकाच्या स्वतःच्या घरात वा आवारातही कुत्रा धोकादायकरीत्या अनावर होणे हा गुन्हा आहे आणि न्यायालय कुत्र्याला मारण्याचा आदेशही देऊ शकते. म्हणजेच काठीची गोष्ट लपवून केलेल्या तक्रारीने एका प्राण्याचा जीव आणि एका वृद्धेचा सोबती जाऊ शकतो. याउलट कुत्रा खरोखर हिंस्र असेल, पूर्वीही चावला असेल, तर गप्प राहणे म्हणजे दुसऱ्या मुलाला धोक्यात लोटणे होय. तेव्हा तक्रार करणे हेच कर्तव्य ठरते.

व्यवहारात क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने भरपूर वेळ धुऊन मुलाला डॉक्टरकडे न्यावे. धनुर्वात आणि जखम चिघळणे यांचा धोका असतो. ब्रिटनमधील स्थानिक कुत्र्यांत रेबीज नाही, त्यामुळे ती धास्ती तेथे बाळगण्याचे कारण नाही. मात्र सुट्टीत गावी आल्यावर कुत्रा चावला तर एक दिवसही न दवडता लस घ्यावी. भारतात हा आजार आहे आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. त्यानंतर पतिपत्नींनी मिळून शेजारणीकडे जावे, मुलाला बरोबर न्यावे आणि त्याने आपली चूक स्वतः सांगावी. मग आपले म्हणणे शांतपणे मांडावे: फळी अमुक दिवसापर्यंत बसवावी, तोवर कुत्र्याला बागेत मोकळे सोडू नये, उपचाराचा खर्च असल्यास तो असा भागवावा. जे ठरेल ते कागदावर लिहावे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. लिखाणाने संशयाला जागा राहत नाही. फळी बसवण्यास बाईंचे हात चालत नसतील तर वडिलांनी हातोडा घेऊन जावे. यातून मार्ग निघाला नाही, तर मध्यस्थाची मदत घ्यावी, आणि तरीही नाही तर अधिकाऱ्यांकडे जावे. शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार घेऊन वारंवार आलेल्या माणसाला प्रेषितांनी (स.) आधी सबुरी सांगितली आणि नंतर घरातील सामान रस्त्यावर मांडून आपली व्यथा लोकांसमोर आणण्यासही सांगितले. इस्लामने मुकाट सोसणे शिकवलेले नाही.

परदेशातील आपल्या बांधवांमध्ये दोन वृत्ती दिसतात. एक म्हणते, येथील कायदा आपल्या बाजूने आहे तर मिळेल तितके घ्यावे. दुसरी म्हणते, आपण परके, मान खाली घालून राहावे. दोन्ही वृत्तींचे मूळ एकच: त्या देशाला आपण आपली वस्ती मानलेली नाही. सूरह अल-माइदाची सुरुवात करार पाळण्याच्या आज्ञेने होते. जेथे आपण परवान्याने राहतो, जेथे आपली मुले शिकतात, तेथील कायदा पाळणे हा आपला करार आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला काय, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, कारण शेजाऱ्याविषयी जिब्रील (अ.) यांनी केलेली ताकीद त्यांनी प्रेषितांकडून ऐकली होती. ती ताकीद इतकी वारंवार होती की शेजारी वारस ठरेल की काय, असे प्रेषितांना वाटू लागले होते. कुंपणापलीकडच्या त्या वृद्धेने कुरआन उघडून पाहिलेला नसेल. तिच्या शेजारी राहणारे कुटुंब हाच तिच्या वाचनात येणारा इस्लाम आहे.

हे अल्लाह, आमच्या मुलांचे रक्षण कर आणि त्यांच्या जिभेवर सत्य ठेव. आमचा हक्क मागताना आमच्या हातून दुसऱ्याचा हक्क मारला जाऊ देऊ नकोस. आमच्या शेजाऱ्यांना आमच्यापासून निर्धास्त ठेव आणि ज्या निवाड्यात दोन्ही घरे शाबूत राहतात, त्याची समज सुलैमान (अ.) यांना दिलीस तशी आम्हालाही दे. आमीन.