पपईला तिचे नाव

१९९२ साली हवाई बेटावरील पुना भागात पपईच्या बागांवर एका विषाणूने घाला घातला. मावा किडीवाटे तो झाडाझाडांतून पसरे. पाने आकसत, फळांवर कड्यांसारखे डाग उमटत आणि बागायतदाराला झाडे तोडून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नसे. डेनिस गोन्साल्विस (आडनाव वसईकरांना घरचेच वाटावे!) हे हवाईत जन्मलेले शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह यावर आधीपासूनच संशोधन करीत होते. त्या विषाणूच्याच आवरणाचे जनुक त्यांनी पपईच्या पेशींत घातले आणि झाड रोगाला दाद देईनासे झाले. १९९८ साली या ‘रेनबो’ वाणाचे बियाणे शेतकऱ्यांना मोफत वाटण्यात आले. बुडता धंदा तरला.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. येथे कोणी नफेखोर खलनायक नाही. विद्यापीठांतील कष्टाचे काम आहे. ही पपई खाऊन कोणाला अपाय झाल्याचा पुरावाही नाही. तरीसुद्धा अमेरिकेच्या दुकानांत ती वर्षानुवर्षे कोणत्याही चिठ्ठीविना विकली गेली. फळाच्या गुणधर्मांत फरक नसेल तर वेगळा उल्लेख नको, असे तेथील सरकारचे १९९२ पासूनचे धोरण होते. जपानने मात्र २०११ साली तिला परवानगी देताना जनुकीय बदलाचा उल्लेख सक्तीचा ठेवला. फळ तेच, समुद्र ओलांडल्यावर त्याला नाव मिळाले!

चिठ्ठी लावली की लोक तिला विषाची खूण समजतील आणि तोटा गरीब बागायतदाराला होईल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण ग्राहकाचा प्रश्न केवळ पोटाचा नसतो. आपल्या आजीबाई भाजीवालीला “कुठची गं ही?” असे विचारत, ते विषबाधेच्या भीतीने नव्हे. ज्याच्या हातून अन्न घ्यायचे, त्याने सरळ उत्तर द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे. उत्तर टाळणाऱ्याचा माल चांगला असला, तरी त्याच्याविषयी मनात किंतु येतोच. इंग्लंडमध्ये १९९६ साली अशा टोमॅटोचा गर उघड उल्लेखासह, स्वस्त दरात विकायला आला, तेव्हा गिऱ्हाइकांनी तो आनंदाने घेतला होता.

२०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी अशा पिकांना सरसकट दोष दिलेला नाही. मात्र सर्व माहिती पुढे ठेवून आणि वस्तूला तिच्या नावाने संबोधून चर्चा व्हावी, असे त्यांनी म्हटले.

अमेरिकेत २०१६ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो सक्तीचा ठरला. परंतु लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द टाळून त्यात ‘बायोइंजिनिअर्ड’ हा नवा शब्द आला. शिवाय अक्षरांऐवजी मोबाईलने वाचायचा ठिपक्यांचा चौकोन छापण्याची मुभाही उत्पादकांना मिळाली. चष्मा सावरीत फळ निवडणाऱ्या वृद्धेने त्या चौकोनाचे काय करावे?

२०२० साली तेथेच गुलाबी गराचा अननस बाजारात आला. त्याचा रंगही जनुकांत बदल करूनच साधलेला. त्याच्या वेगळेपणाची जाहिरात मात्र मोठ्या अभिमानाने झाली, आणि किंमतही तशीच लावण्यात आली.