न पडलेल्या सुरकुतीची धास्ती

विदर्भातल्या वणीतली मुलगी शिकायला नागपूर-पुण्याला जाते, नोकरीला लागते आणि पंचविशी उलटते न उलटते तोच तिला कुणीतरी सांगतं, सुरकुत्या पडायच्या आधीच बोटॉक्स घेऊन टाक, म्हणजे त्या पडणारच नाहीत. चेहरा तिचा नितळ असतो. तरी ती आरशापुढे उभी राहून भुवया उचलून बघते, कपाळाला आठ्या घालून बघते. सुरकुती अजून कुठेच नाही, धास्ती मात्र घरात आली.

औषध वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. ज्या जिवाणूमुळे दूषित अन्नातून जीवघेणी विषबाधा होते, त्याच्याच विषाचा हा अतिसूक्ष्म अंश. नसेचा निरोप तो स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटवणाऱ्या विकारासाठी. डोळे असून बघता न येणाऱ्या माणसांना त्याने फार मोठा दिलासा दिला. कॅनडात जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ अशाच रुग्णांना इंजेक्शन देत असताना भुवयांमधल्या आठ्याही मावळतात हे ध्यानात आलं. त्यांनी आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती ॲलिस्टर यांनी १९९२ मध्ये त्यावर निबंध लिहिला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत आठ्यांसाठी मंजुरी आली. ती मंजुरी मध्यम ते खोल आठ्या तात्पुरत्या कमी करण्यासाठी आहे. न पडलेल्या आठीसाठी नाही.

लवकर सुरुवात करा म्हणणाऱ्यांकडे एक आधार आहे. २००६ मध्ये दोन जुळ्या बहिणींची तुलना प्रसिद्ध झाली. एकीने १३ वर्षं नेमाने इंजेक्शनं घेतली होती, दुसरीने तेवढ्या काळात दोनदाच. पहिलीच्या कपाळावर कायमच्या रेषा उमटल्या नव्हत्या. पण दोघींवरून साऱ्याजणींचा निकाल कसा लावायचा? शिवाय असर टिकतो तीन-चार महिने. पंचविशीत धरलेला हा नेम पुढे किती वर्षं आणि किती पैशांनी चालवायचा, हे ठरवूनच पहिली सुई घ्यायला हवी.

आणि सुरकुत्या पाडणारा मोठा गुन्हेगार तर डोक्यावर तळपतो आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा जवळून बघा. उन्हाने डोळे बारीक करून करून कडांना घड्या पडलेल्या असतात. ती सावलीत बसली, चेहरा सैलावला, की त्या घड्यांच्या आत ऊन न लागलेल्या उजळ रेघा दिसतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापून आला होता. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड आणि सुरकुतलेली, उजवी कितीतरी तरुण. काचेतून आत येणाऱ्या अतिनील किरणांनी ते केलं होतं. वणीच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक चालवणारे आपले चालक उजवीकडे बसतात, त्यांच्या बाबतीत ती बाजू उजवी असणार. उलट ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी जून झाली, असं २०१३ मध्ये दिसून आलं. म्हणजे विदर्भातली पोरगी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटी काढते, तेव्हा सुईवाचूनच ती आपल्या त्वचेला जपत असते. विडी-सिगारेटपासून लांब राहणं हेही तसंच.

मला जास्त काळजी वाटते ती चेहऱ्याच्या हालचालीची. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात आयांना सांगितलं, बाळासमोर दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निश्चल ठेवा. बाळं आधी हसली, हातवारे केले, आईने दाद दिली नाही तशी कावरीबावरी झाली. सुईने सगळा चेहरा दगड होत नाही, हे खरं. पण कपाळ आणि भुवया मंदावतात, आणि नवल, काळजी, कळवळा हे सारं तिथूनच तर आपल्या माणसांपर्यंत पोहोचतं. तरुण वयात ते विनाकारण का थोपवावं?

ज्यांच्या आठ्या खोल आहेत आणि ज्यांना त्या खुपतात, त्यांनी जरूर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. पार्लरमध्ये कुणाला सुई टोचू देऊ नये, आणि गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना हा विषय मनातही आणू नये. पंचविशीतल्या मुलींनी मात्र थांबावं. आणि आयांनो, मावश्यांनो, लग्नाला आलेल्या मुलीच्या कपाळावरून, रंगावरून तिला ऐकवणं कृपा करून आजपासून बंद करा.