गुणांसाठी केलेलं पुण्य

कीर्तनात मी निष्काम कर्म सांगते, तेव्हा मुरबाडची कॉलेजातली पोरं विचारतात, “ताई, मग स्वच्छता ॲपचं काय?” प्रश्न रास्त आहे. कचऱ्याचा फोटो टाकला की तक्रार नगरपंचायतीकडे जाते आणि स्वच्छ सर्वेक्षणात शहराला त्याचे गुण मिळतात. २०२० सालचं ‘माझी वसुंधरा’ अभियानही पंचमहाभूतांच्या नावानं गुणच देतं. फळावर डोळा ठेवून केलेलं काम धर्मात बसतं का?

सुरुवात म्हणून बसतं, असं मी मानते. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या देवराईत वाळकी काटकीही चुलीला नेत नाहीत, ती देवाच्या धाकानं. तो धाकही बाहेरचाच, पण त्यानं जुनी झाडं राखली.

माझी खरी अडचण वेगळी आहे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आधी हात, मग बोलणं. ॲपमध्ये बोट माझं, झाडू दुसऱ्याचा. पौषात इथल्या म्हसा गावची जत्रा उठली की माळावर पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, गुरांचं शेण एकत्र तुडवलेलं असतं. ते हातानं वेगळं करणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच गुणपत्रकात नसतं. माझ्या लेखी त्या माळावरचं पुण्य त्यांचंच.