जीर्णदानाची सनद

कठोपनिषदाचे नाव निघाले की वाचकाचे मन थेट यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या नचिकेत्याकडे धाव घेते, आणि ज्या प्रसंगाने त्याला त्या दारापर्यंत नेले तो प्रसंग बहुधा विस्मृतीतच राहतो. नचिकेत्याच्या पित्याने, वाजश्रवसाने, सर्वस्व देऊन टाकण्याचा यज्ञ मांडला होता. मंत्र, ऋत्विज, वेदी, सारे काही यथासांग होते. परंतु दक्षिणेसाठी ज्या गायी समोर आल्या त्या दूध आटलेल्या, वठलेल्या, चारापाण्यालाही पारख्या झालेल्या अशा होत्या. दान घडत होते आणि दात्याचे काहीच जात नव्हते. त्या विसंगतीने अस्वस्थ झालेल्या मुलाने बापाला विचारले की, मग मला आपण कोणाला देणार. आणि बापाने उत्तर टाळले म्हणून तोच प्रश्न दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारला. धर्मदृष्ट्या या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत: काय दिले, आणि कोणाला दिले. दिल्याबद्दल मिळाले काय, हा विचार त्या मुलाच्या मनाला शिवलाही नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जुन्या मोटारींचा विषय निघाला की हा न शिवलेला विचारच सर्वांआधी पुढे येतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने वाहने स्वेच्छेने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. जुने वाहन नोंदणीकृत केंद्रात जमा करावे, तेथून जमा केल्याचा दाखला घ्यावा, आणि त्या दाखल्याच्या बळावर नव्या वाहनाच्या करात सूट मिळवावी, असा त्याचा सारांश. केंद्राने खासगी वाहनासाठी २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनासाठी १५ टक्क्यांपर्यंत करसवलतीची मर्यादा आखून दिली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ साली १५ टक्के सूट मान्य केली. आणि २०२४ च्या ऑगस्टात मोटार कारखानदारांनीही, मर्यादित मुदतीसाठी का होईना, किमतीच्या दीड टक्का अथवा २०,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती सोडण्याचे कबूल केले. ही झाली दानाची बाजू. दंडाची बाजू अशी की, १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण, जे पूर्वी ६०० रुपयांत होत असे, त्याला ५,००० रुपये पडू लागले, आणि दुचाकीचे ३०० चे १,००० झाले. साम, दान, दंड यांचा क्रम आमच्या राजनीतिकारांनी फार पूर्वी लावून ठेवला आहे. त्यातील दोन उपाय एकत्र बसविणाऱ्या या धोरणाला ‘स्वेच्छा’ हे विशेषण कितपत शोभते, हे वाचकानेच ठरवावे.

दसऱ्याच्या आधी आठपंधरा दिवस, सोयाबीनचा पहिला पैसा हाती येण्याच्या सुमारास, खामगाव, चिखली किंवा मलकापूर येथील एखाद्या शोरूममध्ये जाऊन स्वस्थ बसावे, म्हणजे या धोरणाचे भाष्य आपोआप कानी पडते. “भाऊ, भंगारात देली तं किती सुटतीन, अन् एक्सचेंजले देली तं किती?” असे विचारणारा मनुष्य हिशेबात कच्चा नसतो. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांनी ८८,००० रुपये कर बसतो, त्यात १५ टक्क्यांची सूट म्हणजे १३,२०० रुपये. कंपनीची सूट, तिची मुदत चालू असेल तर, दीड टक्क्याने १२,००० रुपये. त्यावर लोखंडाचा भाव जो येईल तो. याउलट तीच जुनी गाडी धावती असेल तर एखाद्या आडगावचे गिऱ्हाईक तिला याहून जास्त मोल देते. मेलेल्या गाडीपेक्षा जिवंत गाडी महाग, एवढाच या सबंध व्यवहारातला तिढा आहे, आणि तो सोडविण्यास सरकारच्या सवलती अद्याप अपुऱ्या पडतात.

पण व्यवहार ठरल्यानंतर जे घडते ते पाहण्यासारखे असते. नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबे ठेवली जातात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, नारळ फुटतो, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हाती देऊन सहकुटुंब छायाचित्र काढले जाते, आणि गाडीचे तोंड शेगावच्या दिशेने वळते. त्याच वेळी मागच्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीत घरातला कर्ता पुरुष एकटाच वाकून, डॅशबोर्डावर चिकटविलेली श्रीगजाननमहाराजांची बोटभर मूर्ती नखाने हलकेच सोडवीत असतो. ती सुटली की तो उपरण्याच्या टोकाने पुसतो, खिशात घालतो, आणि मगच कागदांवर सही करण्यास येतो. उत्तरपूजेचा हा प्रकार कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही, तथापि तो चुकलेला मी तरी पाहिला नाही. जे निर्जीव म्हणून वजनावर विकायचे, त्यातून आधी देवत्व काढून घ्यावे लागते, एवढी जाण ज्या समाजाला उपजत आहे, त्याच्यापुढे त्यागाचा प्रश्न मांडणे अगदीच अस्थानी ठरू नये.

मोबदला घेऊन केलेला त्याग हा त्याग होय काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, आणि अठराव्या अध्यायात, कष्टाच्या भयाने केलेल्या त्यागालाही तेच नाव आहे. पाच हजारांच्या भयाने आणि पंचवीस हजारांच्या लोभाने सोडलेली गाडी या दोन्ही कलमांखाली येते, यात संशय नाही. परंतु एवढ्यावरून या योजनेचा निकाल लावणाऱ्या नीतिवाद्यांशी माझे पटत नाही. राज्यसत्तेने प्रजेला सात्त्विक करावे, अशी अपेक्षा आमच्या परंपरेने कधी बाळगलेली नाही. विहीर खोदणाऱ्याला इनाम, पडीत जमीन वहितीस आणणाऱ्याला साऱ्याची माफी, या वऱ्हाडच्या दफ्तरांना परिचित असलेल्या गोष्टी आहेत, आणि अशा विहिरीचे पाणी पिणाऱ्याने खोदणाऱ्याचा हेतू शुद्ध होता की नाही, याची कधी चौकशी केली नाही. धूर कमी झाला तर तो राजस त्यागानेही कमीच होतो. चूक होते ती नाव देण्यात: सूट घेऊन आलेला मनुष्य पर्यावरणासाठी आपण गाडी अर्पण केली असे चारचौघांत सांगू लागतो, तेव्हा वाजश्रवसाची आठवण होते.

मीमांसकांनी याबाबत मोठी व्यवहारी दृष्टी दाखविली आहे. त्यांच्या मते कर्माचे फळ यजमानाला मिळते. प्रत्यक्ष कर्म जरी ऋत्विज करीत असले, तरी दक्षिणा हे त्यांच्या श्रमाचे मोल असल्यामुळे फळावर त्यांचा हक्क राहत नाही. आजच्या यज्ञातला ऋत्विज म्हणजे मोटारविक्रेता होय. फॉर्म तोच भरतो, बँकेचा बोजा उतरल्याची रुजुवात तोच करतो, चालानांची बाकी तोच काढून दाखवितो, आणि दाखल्याचा क्रमांक नव्या फाइलीला तोच जोडतो. त्याच्या दक्षिणेविषयी गिऱ्हाईक नेहमी साशंक असते. पण सरकारी सवलतीच्या योजनेत सर्वांत अवघड जागी तोच उभा असतो, हे अमेरिकेच्या अनुभवावरूनही दिसून आले.

तेथे २००९ च्या उन्हाळ्यात जुनी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी देऊन नवी घेणाऱ्यास ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट देण्यात आली. मंजूर झालेले १ अब्ज डॉलर अवघ्या काही दिवसांत संपत आले, आणखी २ अब्ज मंजूर करावे लागले, आणि २४ ऑगस्टला योजना गुंडाळली गेली तेव्हा पावणेसात लाखांहून अधिक गाड्या जमा झाल्या होत्या. सूट गिऱ्हाइकाला आधी द्यायची आणि पैसे सरकारी खजिन्यातून मागाहून यायचे, या अटीमुळे विक्रेत्यांचे प्राण कंठाशी आले. पण खरी कठोर अट निराळीच होती: इंजिन पुन्हा कोणी वापरू नये म्हणून विक्रेत्यानेच ते मारावयाचे. मेकॅनिक इंजिनातले तेल काढून टाकी, त्या जागी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओती आणि गाडी चालू करून वेग वाढवी. उष्णतेने द्रावणातले पाणी उडून काचेसारखा थर उरे, आणि काही मिनिटांत चांगले धावते यंत्र आतल्या आत आवळून कायमचे थांबे. काय दिले आणि कोणाला दिले, या दोन्ही प्रश्नांना त्या कायद्याने निर्दयपणे का होईना, उत्तर दिले होते. शिल्लक आयुष्य असलेले यंत्र दिले, आणि ते कोणालाच दिले नाही. ज्या देशात गरिबाला ते आणखी काही वर्षे उपयोगी पडले असते, त्या देशातल्या गरिबांच्या दृष्टीने हे सुकृत की दुष्कृत, याचा वाद तेथे पुष्कळ झाला.

आमच्या धोरणातील एक कलम मला याहून विचारार्ह वाटते. जमा-दाखला दुसऱ्याला विकता येतो. म्हणजे गाडी मोडीत दिली एकाने, आणि सवलत भोगली दुसऱ्याने. पुण्याच्या खरेदीविक्रीचा हा प्रकार ऐकून एखादा शास्त्री कानांवर हात ठेवील. महाभारतात स्वर्गातून खाली पडणाऱ्या ययातीला वसुमना नावाचा राजा आपले पुण्यलोक देऊ करतो, आणि दान घेणे कमीपणाचे वाटत असेल तर गवताची एक काडी देऊन विकत घे, असेही सुचवितो. ययाती नकार देतो, कारण असला खोटा सौदा आपण कधी केला नाही, असे त्याचे म्हणणे. बौद्ध परंपरेत मात्र आपल्या पुण्यात इतरांना वाटेकरी करून घेण्याला मान आहे. तत्त्वतः मी ययातीच्या पक्षाचा. पण जिल्ह्यातल्या माणसांकडे पाहिले की ते मत डळमळते. मेहकर-लोणारच्या बाजूस अठरा वर्षांच्या कमांडर जीपवर संसार चालविणारा मनुष्य नवी गाडी घेऊच शकत नाही. करातली सूट, कंपनीची सूट, नोंदणी शुल्काची माफी, या सगळ्या सवलती ज्याच्या गाठीला नव्या गाडीचे पैसे आहेत त्याच्यासाठी आहेत. ज्या जिल्ह्यातील मेहुणा राजा हे गाव चोखोबांचे जन्मस्थान मानले जाते, त्या जिल्ह्यात तरी पुण्याचा अधिकार पायरीच्या आत उभ्या असलेल्यांपुरताच ठेवणारी व्यवस्था कोणाला खटकल्यावाचून राहू नये. दाखला विकता आला तर त्या जीपवाल्याच्या हाती लोखंडाच्या भावापेक्षा चार पैसे जास्त येतात. शास्त्राला जे कलम सर्वांत हिणकस वाटेल, तेच न्यायाच्या दृष्टीने सर्वांत दयाळू निघावे, असे कधी कधी घडते.

उरला नचिकेत्याचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच. मोडीची वाट सोडून जो ‘एक्सचेंज’च्या वाटेने जातो, त्याची गाडी कोणाकडे जाते? शोरूममधून दलालाकडे, दलालाकडून दुसऱ्या दलालाकडे, आणि तेथून जेथे धुराची तपासणी सहसा पोहोचत नाही अशा रस्त्यावर. सह्या केलेले कोरे फॉर्म तिच्यासोबत फिरत राहतात आणि आर.सी.वर नाव मात्र मूळ मालकाचेच राहते. कर्म सुटले असे वाटते, पण सुटलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात असाच निर्णय दिला, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच राहील. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी यावर तोड काढली आहे: अधिकृतता घेतलेल्या विक्रेत्याकडे गाडी सोपविल्याची रीतसर सूचना परिवहन कार्यालयाला दिली, म्हणजे पुढची जबाबदारी त्या विक्रेत्याची. तेव्हा येत्या दसऱ्याला गाडी बदलणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे की, किती सुटले हे विचारून झाल्यावर, सही करण्यापूर्वी, जुनी गाडी कोणाला देणार हेही विक्रेत्याला विचारावे. मोडीत देत असाल तर जमा-दाखला आणि एक्सचेंजला देत असाल तर त्या सूचनेची पोच हाती घेतल्यावाचून किल्ली सोडू नये.