कूलर घेण्याआधी

नागपूर,
८ मार्च

चि. सौ. मुग्धास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, कूलर कोणता घेऊ?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहितो आहे. तुम्ही एप्रिलमध्ये इथे मानेवाड्याच्या घरात राहायला येणार. त्याआधी त्या घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज भलतीकडे गळली की पुरवठा तोडणारा खटका) बसलेली हवी आणि अर्थिंग मोजलेलं हवं. ही दोन कामं झाली की कूलरच्या दुकानात जा. घरमालक नाही म्हणाले तर खर्च आपण करू, पण काम करूनच घेऊ. भाड्याच्या घरात कशाला पैसे घाला, असा विचार जावईबापूंच्या मनात येईल. घर भाड्याचं असलं तरी त्यात राहणारी माणसं आपली आहेत, एवढंच त्यांना सांग.

रत्नागिरीत तुम्हाला कूलरची सवय नाही, कारण तिथे तो चालतच नाही. हवेतच इतका दमटपणा असतो की ताट्यांतलं पाणी वाळत नाही, आणि पाणी वाळल्याशिवाय हवा गार होत नाही. आमच्याकडे उलट. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. दरवर्षी तेवढा जात नाही, पण मेअखेरच्या नवतपात पंचेचाळीस म्हटलं तर कुणी चमकत नाही. अशा कोरड्या हवेत ओल्या ताटीतून आलेला वारा खोली खरोखर गार करतो, तेही फार थोड्या विजेत. होळी झाली की घरोघरचे कूलर माळ्यावरून, गच्चीवरून खाली येतात. आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्या वर्तमानपत्रात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. कधी पाणी भरणारी गृहिणी असते, कधी अंगणात खेळणारं पोर. माझं आयुष्य वायरिंगमध्ये गेलं, तरी ती बातमी वाचली की अजून माझा घास अडकतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो.

तू लाँचवाल्याच्या घरची पोर आहेस, त्यामुळे पाणी आणि वीज यांचं वैर तुला शिकवायला नको. मिरकरवाडा बंदरात तुझ्या बाबांच्या लाँचवर मी पाहिलं आहे, तांबं हिरवं पडलं की ते ती वायर कापून टाकतात. बुडाशी पाणी साचतं तिथे ते वायरला सांधा ठेवत नाहीत. ही शिस्त इथे घेऊन ये. पण एक फरक लक्षात ठेव. बाबांची दिव्यांची वायरिंग बॅटरीवर, म्हणजे बारा किंवा चोवीस व्होल्टवर चालते. तिथे चूक झाली तर वायर जळते, आग लागते. अंगातून मारण्याइतका प्रवाह सहसा जात नाही. घरातला प्लग २३० व्होल्टचा आहे.

आता हिशेब बघ. ओल्या हातापासून ओल्या पायापर्यंत माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धर. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर वाहतील. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या कितीतरी पट प्रवाह छातीतून सेकंदभर गेला तरी हृदयाचा ठेका बिघडू शकतो. आणि बोर्डातली एमसीबी? सहा अँपिअरची एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. अंगातून जाणारे २३० तिच्या खिजगणतीतही नसतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस मरू नये म्हणून नव्हे. "आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही," असं घरमालक तुला सांगतील तेव्हा हे आठव.

आरसीसीबी वेगळंच काम करते. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज भलत्या वाटेनं जमिनीत चालली आहे. मग आरसीसीबी लगेच पुरवठा तोडते. मोठा फरक असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. दुकानात शंभर आणि तीनशे मिलिअँपिअरच्याही मिळतात, त्या आगीपासून रक्षणासाठी, माणसासाठी तीसचीच. दोन पोलची, ४० अँपिअरची, आयएसआय मार्क पाहून घे. तिच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. दाबल्यावर खटका पडला नाही तर ती त्याच दिवशी बदलायची. तिची मर्यादाही सांगून ठेवतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आलं, तर तो प्रवाह तिला साध्या बल्बसारखाच दिसतो, ती पडत नाही. म्हणून ती बसवली की उघड्या वायरला हात लावायला मोकळीक मिळाली, असं नाही.

आता अर्थिंग. यात नागपूरची म्हणून एक अडचण आहे आणि ती मला तुला नीट समजावायची आहे. इथे बऱ्याच वस्त्यांखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. अर्थिंगचा पाइप जमिनीत अडीच मीटर पुरलेला असतो, भोवती कोळसा आणि मीठ. माती ओली तोवर काम उत्तम. मे महिन्यात माती पाइपापासून सुटते, ओल खाली जाते, आणि ऑगस्टमध्ये चार ओहम दाखवणारं अर्थिंग पन्नासवर गेलेलं असतं. म्हणजे कूलर सगळ्यात जास्त चालतो तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर. समज, कूलरच्या मोटारीची फेज पत्र्याला लागली. पन्नास ओहममधून साडेचार अँपिअर वाहतील. सहाची एमसीबी पडणार नाही, सोळाची तर नाहीच. कूलरचा पत्रा दोनशेच्या आसपास व्होल्टवर तसाच उभा राहील. एवढंच नाही, त्याच अर्थच्या वायरला जोडलेला फ्रिज आणि वॉशिंग मशीनही त्याच व्होल्टवर येतील. कूलर अंगणात आणि झटका स्वयंपाकघरात, असं यातूनच होतं. लोक म्हणतात अर्थिंग आहे ना, मग झालं. मे महिन्यातल्या नागपुरात नुसत्या अर्थिंगवर भरवसा ठेवू नये. साडेचार अँपिअर एमसीबीला कमी असले तरी आरसीसीबीला ते दीडशे पट आहेत; ती क्षणात पडेल. दोन्ही मिळूनच संरक्षण होतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घे आणि आकडा बोर्डाच्या झाकणावर लिहायला लाव. पाच ओहमच्या आत आला तर उत्तम. एप्रिलपासून अर्थिंगच्या खड्ड्याच्या नरसाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओत.

घर जुनं आहे म्हणालीस. प्लगमध्ये तिसरी वायरच ओढलेली नाही, असं निघेल कदाचित. तेव्हा एखादा वायरमन सांगेल, "ताई, न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारून देतो, टेस्टरवर ठीक दिसेल." त्याला त्याच पावली परत पाठव. न्यूट्रल कुठे तुटली की त्याच जंपरमधून पूर्ण फेज कूलरच्या पत्र्यावर येते. कूलरच्या पॉइंटपर्यंत अर्थची वेगळी हिरवी वायर ओढूनच घ्यायची. काम तारतंत्रीचा परवाना असलेल्याकडून.

दुसरी तक्रार येईल ती "आरसीसीबी सारखी पडते" ही. बहुधा कारण इन्व्हर्टर. इन्व्हर्टर जोडताना दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकत्र बांधल्या की आरसीसीबीला फरक दिसत राहतो. यावर लोक तिलाच काढून टाकतात. इलाज न्यूट्रल सोडवण्याचा आहे, वेळ लागतो, पण तोच करून घे.

कूलरचं आता सांगतो. लहान पोर घरात असताना लोखंडी पत्र्याचा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्र्याचा स्वस्त पडतो, इथल्याच कारखान्यांत बनतो, वारा जोराचा देतो, सगळं खरं. पण तू फायबर बॉडीचा घे. फायबरचा घेतला म्हणून अर्थ सोडायचा नाही, कारण आत मोटार लोखंडाची आहे आणि तिचे स्क्रू बाहेर येतात. तीन पिनचा प्लग, त्याची जाड लांब पिन शाबूत. ती लांब असते ती अर्थ आधी जोडला जावा म्हणूनच. दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा म्हणून ती कापणारे महाभाग आहेत. पंप अखंड वायरचा, टाकीच्या बाहेरपर्यंत पोचेल एवढ्या लांबीचा घे. पाण्यात टेप मारलेला जोड म्हणजे बाबा लाँचच्या बुडाशी ठेवत नाहीत तोच सांधा. टाकी कोरडी असताना पंप फिरला की तापतो आणि आतलं इन्सुलेशन जळतं. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं की तोच पंप पाण्यात वीज सोडतो. एक्स्टेंशन बोर्ड अंगणात टाकू नकोस. खिडकीबाहेर पक्का पॉइंट काढ, पावसाचं झाकण असलेला, आणि स्विच डबल पोलचा. साध्या स्विचनं एकच वायर तुटते. प्लग उलटा जोडलेला असेल तर स्विच बंद असतानाही मोटारीत फेज उभीच असते. कूलरचा स्टँड खिडकीच्या लोखंडी ग्रीलला टेकवू नका. ग्रीलला पोरं लोंबकळतात.

पाण्यात वीज उतरण्याबद्दल अजून एक. अमेरिकेत गोड्या पाण्याच्या सरोवरांत धक्क्याला लागलेल्या बोटींतून वीज पाण्यात उतरून पोहणारी माणसं गेली आहेत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे क्वचित घडतं, कारण खारं पाणी शरीरापेक्षा चांगलं वाहक आहे, प्रवाह माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात शरीरच सोपी वाट ठरतं. तिथे बोटींच्या धक्क्यावर आरसीसीबीसारखंच साधन बसवण्याचे नियम आहेत. कूलरच्या टाकीतलं पाणीही गोडंच. त्यात हात घालून पंप हलवताना तू ओल्या फरशीवर अनवाणी उभी असशील.

म्हणून पाणी भरण्याची एकच रीत: स्विच बंद, प्लग काढून बाहेर, मग पाइप. प्लग डोळ्यांना दिसेल असा लोंबकळत ठेवायचा. लाइट गेली असेल तरी हीच रीत. दुपारी लाइट जाते, बाई म्हणते तेवढ्यात टाकी भरून घेऊ, हात पाण्यात असतानाच लाइट येते. अशानं माणसं गेली आहेत. आणि कूलर इन्व्हर्टरवर असेल तर लाइट गेलेलीच नसते. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून हात घालू नये. काही जण हाताची पालथी बाजू लावून बघतात, तेही कुणाला करू देऊ नकोस. पुढच्या वर्षीपासून कूलर माळ्यावरून काढला की आधी वायरमनकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून घे. आठ महिन्यांत उंदीर वायर कुरतडतात, रबर कडक होऊन तडकतं. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर तो कूलर प्लगमध्ये लावायचा नाही.

देव न करो, पण कुणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. मेन कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींनाही, पहिल्याच दिवशी दाखव. माणूस सुटला आणि श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छाती दाबायला लागा: छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाची पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. तू आणि जावईबापू दोघांनी हे कुणाकडून तरी हातानं शिकून घ्या. वाचून येत नाही.

घरमालकांचा नंबर कळव. मी माझ्या ओळखीच्या तारतंत्रीला घेऊन या महिन्यातच घर बघून येतो. बोर्ड, अर्थ, कूलरचा पॉइंट आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल एवढं पाहून अंदाज पाठवीन. सामानाच्या आधी ते काम झालं पाहिजे, म्हणून यायची तारीख लवकर ठरवा. ताईला आणि तुझ्या बाबांना नमस्कार, छोट्याला खूप आशीर्वाद.

तुझा,
विनूमामा